फोनची वेस

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली, तेव्हा बेळगाव शहर म्हैसूर राज्यात गेले आणि त्याच जिल्ह्यातला चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला. या रेषेचा राजकीय इतिहास आपल्या वाचकांना पाठ आहे. मात्र त्याच रेषेचा आणखी एक इतिहास टेलिफोनच्या बिलांत नोंदला गेला आहे. चंदगडच्या माणसाने बेळगावच्या बहिणीला फोन करावा आणि त्या बोलण्याचा दर राज्याच्या सीमेने ठरवावा, हे काही आरंभापासून नव्हते. ते कधी आले आणि कसे गेले, हे पाहण्यासारखे आहे.

मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे पहिली टेलिफोन केंद्रे १८८२ साली सुरू झाली. पुढे कित्येक दशके परगावचा फोन म्हणजे ट्रंक कॉल. तो नोंदवायचा आणि तासन् तास वाट पाहायची. घाई असेल तर 'अर्जंट', त्याहून घाई असेल तर 'लाइटनिंग', आणि ठरावीक माणूस आला तरच पैसे पडावेत म्हणून 'पी. पी.' कॉल. १९६० साली कानपूर आणि लखनौ यांच्या दरम्यान देशातली पहिली एसटीडी सेवा सुरू झाली आणि मधला ऑपरेटर हळूहळू गेला. १९८० नंतरच्या दशकात पिवळ्या पाट्यांचे बूथ गावोगाव दिसू लागले. रात्री उशिरा दर उतरतात म्हणून तेथे रांगा लागत.

या साऱ्या काळात फोन महाग होता, पण तो अंतरामुळे. जितके किलोमीटर अधिक तितका मीटर वेगाने पळायचा. तारेला राज्य कळत नव्हते. बेळगावचा एसटीडी क्रमांक ०८३१ आणि पणजीचा ०८३२. आकड्यांच्या या शेजारात भाषा आणि राज्य यांचा प्रश्न कोणी आणला नव्हता.

राज्याची सीमा फोनमध्ये आली ती मोबाइलबरोबर. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणानंतर मोबाइलचे परवाने देण्यासाठी देशाचे विभाग पाडले गेले. त्यांना 'सर्कल' म्हणत. चार महानगरे वेगळी काढून बाकीची सर्कल बहुतांशी राज्यांच्या नकाशावर बेतली होती. महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक, कर्नाटकाचे वेगळे, गुजरातचे वेगळे, मध्य प्रदेशाचे वेगळे, आंध्राचे वेगळे. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांना फोन केला आणि देशात मोबाइल सुरू झाला. त्या काळी मिनिटाचा दर सोळा रुपयांपर्यंत जाई आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत.

या विभागणीचा परिणाम सीमाभागात विचित्र झाला. चंदगडचा मोबाइलधारक आठशे-नऊशे किलोमीटर दूर नागपूरला गेला तरी तो आपल्याच सर्कलमध्ये, म्हणजे घरीच. तोच तासाभराच्या वाटेवर बेळगावच्या बाजारात उतरला की परका. वडोदरा, इंदूर, ग्वाल्हेर आणि हैदराबाद येथील मराठी घरांची सोयरीक तर दोन-तीन सर्कलमध्ये पसरलेली. लग्नकार्याला जमलेली माणसे एका मांडवात असूनही टेलिफोनच्या हिशेबी वेगवेगळ्या मुलखांतली होती.

रोमिंगचे पैसे नेमके कशाचे, हे समजून घेतले पाहिजे. प्रत्येक मोबाइल कंपनी दोन नोंदवह्या ठेवते, असे समजा. एक घरच्या ग्राहकांची आणि दुसरी पाहुण्यांची. बेळगावचे कार्ड घेऊन माणूस कोल्हापुरात आला की तेथील यंत्रणा त्याची पाहुणा म्हणून नोंद करते आणि त्याच्या घरी कळवते की तुमचा माणूस आमच्याकडे आहे. त्याला कोणी फोन लावला की तो आधी घरच्या केंद्राकडे जातो आणि तेथून पाहुण्या केंद्राकडे वळवला जातो. त्यामुळे बेळगावचे दोघे भाऊ कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर चुकामूक होऊन एकमेकांना शोधू लागले, तर त्यांचा फोन कर्नाटकात जाऊन परत कोल्हापुरात येई. करणाऱ्याला पैसे पडत आणि घेणाऱ्यालाही. हाक मारली असती तर ऐकू आली असती!

लोकांनी यावर उपाय काढले. पाहुण्या मुलखात रिंग वाजली की ती न उचलता कापायची आणि जवळच्या बूथवरून उलट फोन करायचा. 'पोहोचलो' याचा अर्थ एक मिस्ड कॉल, 'न्यायला या' याचे दोन. पुढे प्रीपेड कार्डे स्वस्त झाली, तेव्हा पाकिटात दुसऱ्या राज्याचे कार्ड आले. सीमा ओलांडताना गाडीतच मागचे झाकण काढून कार्ड बदलले जाई. दोन कार्डांचे हँडसेट आले, तेव्हा हे कष्टही वाचले. घरच्यांच्या यादीत एकाच माणसाचे दोन क्रमांक, एक महाराष्ट्राचा आणि एक कर्नाटकाचा. दुसऱ्या राज्यात पत्त्याचा पुरावा नसल्याने पुष्कळदा ते कार्ड मामाच्या किंवा मेहुण्याच्या नावावर असे. सीमेवरच्या गावांत तर माणूस घरातच बसलेला आणि फोन पलीकडच्या मनोऱ्याला लागलेला, अशीही गत होई. मग नेटवर्क स्वतः निवडून ठेवण्याची युक्ती पोरांनी थोरांना शिकवली.

दर खाली आले ते टप्प्याटप्प्याने. १ मे २००३ पासून आलेला फोन फुकट झाला, पण आपल्या सर्कलपुरताच. १ मार्च २००६ रोजी सरकारी कंपन्यांनी देशभर एक रुपया मिनिट ही योजना आणली आणि अंतराचा दर मोडीत निघू लागला. रोमिंग मात्र उरले. १५ फेब्रुवारी २००७ पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाने त्याला मर्यादा घातली. आलेल्या फोनला मिनिटाला १.७५ रुपये, स्थानिक फोनला १.४० आणि एसटीडीला २.४०. आलेल्या फोनचा हाच दर १ जुलै २०१३ पासून ७५ पैसे आणि १ मे २०१५ पासून ४५ पैसे झाला. १५ जून २०१५ पासून भारत संचार निगमने तो फुकट केला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली ती देशांतर्गत रोमिंग न आकारता, आणि १ एप्रिल २०१७ पासून एअरटेलनेही ते बंद केले. बावीस वर्षांत ती वेस पडली.

ती पाडण्यात इंटरनेटचा वाटा मोठा आहे. १९९५ साली इस्रायलच्या व्होकलटेक कंपनीने संगणकावरून बोलण्याचे साधन बाजारात आणले. बोललेल्या शब्दांचे बारीक तुकडे करून ते पत्रांसारखे पाठवायचे आणि पलीकडे पुन्हा जुळवायचे, ही त्यातली युक्ती. या तुकड्यांना ना किलोमीटर कळतो ना सर्कल. आपल्याकडे मात्र त्याला मनाई होती. १ एप्रिल २००२ पासून ती काही अटींवर उठली. परदेशी मुलाशी महागड्या दराने बोलणाऱ्या आईबापांना सायबर कॅफेची वाट तेव्हा सापडली. २००३ साली स्काइप आले आणि मे २०२५ मध्ये ते बंदही झाले. २०१५ पासून व्हॉट्सअॅपवर बोलता येऊ लागले, तेव्हा हे साधन खेड्यातल्या आजीच्या हाती आले.

युरोपातही असेच घडले. १५ जून २०१७ रोजी युरोपीय संघाने सदस्य देशांमधले रोमिंगचे जादा दर बंद केले. बेल्जियम आणि नेदरलँड्स यांच्या सीमेवरच्या बार्ले गावात तर सीमा घरांमधूनच जाते. तेथील माणसाला आपले दुखणे सांगावे लागणार नाही.

आता ही वेस उरली आहे ती परदेशप्रवासात. मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला जाणाऱ्या आईने भारतातले कार्ड चालू ठेवावे, कारण बँकेचे संदेश त्यावर येतात. पण त्यावरचे इंटरनेट बंद ठेवावे. इंटरनेटसाठी तेथील प्रीपेड कार्ड घ्यावे, किंवा निघण्यापूर्वीच प्रवासी ई-सिम भरून घ्यावे, आणि घरी बोलावे ते इंटरनेटवरून. काही देशांनी अशा बोलण्यावर बंधने घातली आहेत, म्हणून जाण्यापूर्वी चौकशी करावी. नीट पाहिले तर ही आपल्या पाकिटातल्या दुसऱ्या कार्डाचीच युक्ती आहे, फक्त मुलूख मोठा झाला.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. रोमिंगमध्ये आपण मोजले ते अंतराचे मोल नव्हते, रेषेचे होते. ती रेषा प्रशासनाच्या सोयीसाठी काढली गेली आणि तिचे भाडे मात्र ज्यांची नाती दोन्ही बाजूंना होती त्यांनी भरले. ज्याचे सगळे गोत एकाच सर्कलमध्ये होते, त्याला रोमिंग म्हणजे सहलीचा खर्च. आपल्याला तो भाऊबीजेचा खर्च होता. सीमेचा मूळ प्रश्न न्यायालयात आहे, त्याचे काय व्हायचे ते होईल. परंतु कागदावरची रेषा माणसांच्या बोलण्याच्या आड आली, तर माणसे मिस्ड कॉलपासून इंटरनेटपर्यंत वाट शोधत राहतात आणि शेवटी नियमालाच त्या वाटेने यावे लागते, एवढे या बिलांनी दाखवून दिले आहे.