छायालेखक मियागावा

ग्रंथावर एका लेखकाचे नाव असते, चित्राखाली एका चित्रकाराची सही असते. चित्रपटाच्या आरंभी मात्र नावांची मालिकाच डोळ्यांपुढून सरकत जाते, आणि प्रेक्षक त्यांतील नटनटींची व फार तर दिग्दर्शकाचे नाव ध्यानात ठेवून बाकीची विसरून जातो. वस्तुतः पडद्यावर जे दिसते ते प्रथम एका मनुष्याने यंत्राच्या भिंगातून पाहिलेले असते. ते किती उजेडात, किती अंतरावरून आणि कोणत्या गतीने दिसावे, हे बहुतांशी त्याच्याच हातून ठरलेले असते. ह्या छायालेखकाचा कलाकृतीतील स्वतःचा वाटा कोणता, हा प्रश्न जपानी चित्रपटाच्या इतिहासात काझुओ मियागावाच्या कामामुळे विशेष स्पष्टपणे उभा राहतो.

मियागावाचा जन्म १९०८ साली क्योतो येथे झाला. बालवयातच त्याला शाईच्या चित्रांचा छंद जडला. ह्या पद्धतीत काळी शाई, पाणी, कुंचला आणि कागद एवढेच साहित्य असते. शाईत पाणी किती मिसळावे ह्यावर सारे अवलंबून. शाईत पाच रंग असतात, अशी पूर्वेकडील चित्रकारांची एक जुनी म्हण आहे. तिचा अर्थ असा की, गडद काळ्यापासून पुसट करड्यापर्यंतच्या छटा ज्याला साधल्या त्याला अन्य रंगांची गरज भासत नाही. कोरा सोडलेला कागदच तेथे धुके होतो, आकाश होतो, पाणी होतो. पुढे जर्मन मूकपटांतील छायाप्रकाशाने त्याला मोहून टाकले, आणि १९२६ साली तो निक्कात्सु ह्या चित्रसंस्थेत दाखल झाला. तेथे त्याच्या वाट्यास प्रथम फिल्म धुण्याच्या प्रयोगशाळेतील काम आले. वरवर पाहता हे काम रुक्ष. परंतु कोणता उजेड फिल्मवर कोणती छटा उमटवितो, ह्याचे ज्ञान त्याला तेथेच झाले. मग साहाय्यक म्हणून उमेदवारी करून १९३५ साली तो स्वतंत्र छायालेखक झाला.

त्याच्या कलेची पहिली कसोटी युद्धकाळात लागली. १९४३ साली हिरोशी इनागाकीने 'मुहोमात्सूचे जीवन' हा चित्रपट काढला. त्याची कथापटरचना मान्साकु इतामीची होती. कथानायक हातरिक्षा ओढणारा एक अडाणी, रांगडा, परंतु निर्मळ मनाचा गडी. एका लष्करी अधिकाऱ्याच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेस व लहान मुलास तो आधार देतो. त्या स्त्रीवर त्याचे प्रेम जडते, आणि ते त्याच्या तोंडून एकदाच बाहेर पडते. सरकारी परीक्षकांना हेच खपले नाही. हजारो सैनिक रणांगणावर असताना अधिकाऱ्याच्या विधवेवर एका रिक्षावाल्याने प्रेम करावे, हे त्यांना राष्ट्राच्या अब्रूस बाधक वाटले. तो प्रसंग कापला गेला. युद्ध संपल्यावर अमेरिकन अंमल आला, आणि त्यानेही आपली कात्री चालविली. ह्या वेळी रशियावरील विजयाचा उत्सव वगैरे दृश्ये गेली. एकाच चित्रपटावर परस्परविरुद्ध अशा दोन सत्तांनी घाव घालावेत, हा इतिहासाचा विलक्षण विनोदच म्हणावयाचा. ज्या नटीने विधवेची भूमिका केली ती केइको सोनोई ऑगस्ट १९४५ मध्ये आपल्या नाटकमंडळीसह हिरोशिमा येथे होती. अणुबाँबच्या बाधेने थोड्याच दिवसांत तिचा अंत झाला.

परंतु ह्या चित्रपटाच्या शेवटी एक भाग असा आहे की, तेथे मियागावाची करामत दिसते. नायकाच्या अखेरच्या क्षणी त्याच्या साऱ्या आयुष्याच्या आठवणी रिक्षाच्या फिरत्या चाकाबरोबर एकमेकींवर तरळत जातात. ही चित्रे मागाहून प्रयोगशाळेत जोडलेली नाहीत. एकदा चित्रित केलेली फिल्म यंत्रातच मागे गुंडाळून तिच्यावर दुसरे चित्र, पुन्हा तिसरे, अशा रीतीने ती घेतली गेली. प्रत्येक चित्राला किती प्रकाश द्यावयाचा आणि ते कोठे सुरू होऊन कोठे मावळावयाचे, हे आधी मोजून ठेवावे लागे. एक चूक झाली की मागची सारी मेहनत व्यर्थ. ह्यात मला एक मर्म दिसते. मुखाने बोललेले प्रेम हा एक सुटा प्रसंग होता, म्हणून तो कात्रीने अलग करता आला. एकाच पट्टीवर एकमेकांत मुरलेल्या आठवणींतून मात्र एक काढावयाची म्हटली तर सगळ्याच काढाव्या लागल्या असत्या. जे शब्दांना बोलू दिले नाही ते प्रकाशाने सांगून ठेवले. इनागाकीने हीच कथा १९५८ साली पुन्हा चित्रित केली आणि व्हेनिस येथे तिला सुवर्णसिंहाचा मान मिळाला. तरीही त्या पहिल्या, खंडित कृतीची जागा तिने घेतली असे म्हणवत नाही.

निक्कात्सूचा चित्रनिर्मितीचा विभाग १९४२ साली दाइएई ह्या संस्थेत विलीन झाला होता. तिच्यासाठी अकिरा कुरोसावाने १९५० साली 'राशोमोन' निर्माण केला. अरण्यात एका सामुरायाचा मृत्यू होतो, आणि त्याची हकीकत प्रत्येक जण निराळी सांगतो. लाकूडतोड्या रानात शिरतो तेव्हा पानांच्या जाळीतून यंत्र थेट सूर्याकडे वळते. भिंगावर सरळ ऊन पडल्यास फिल्म जळून जाईल, अशी त्या काळी अनेकांची समजूत होती. मियागावाने ती खोटी ठरविली. दाट झाडीत नटांच्या चेहऱ्यांपर्यंत ऊन पोहोचेना, तेव्हा त्याने मोठे आरसे लावून ते वळवून घेतले. भग्न वेशीवरील पाऊस करड्या आभाळापुढे दिसेना, तेव्हा पाण्यात काळी शाई मिसळली गेली. बालपणीची शाई अशी अक्षरशः आभाळातून बरसली! पण ह्या युक्त्यांना केवळ युक्त्या समजणे अन्यायाचे होईल. सत्य कोणाच्याच हाती पुरते लागत नाही, हा ह्या कथेचा आशय. आणि चेहऱ्यांवर क्षणाक्षणाला थरथरणारे कवडसे नेमके तेच सांगतात.

केन्जी मिझोगुचीचा स्वभाव ह्याहून अगदी निराळा. गुंडाळी उलगडत जावी आणि चित्रामागून चित्र दिसावे, अशी त्याच्या 'उगेत्सु'ची (१९५३) कल्पना होती. मियागावाने बहुतेक चित्रण क्रेनवरून केले. पण यंत्र हलते आहे हे प्रेक्षकाला जाणवत नाही, श्वास चालावा तसे ते चालते. शेवटी कुंभार घरी परततो. घर रिकामे, चूल थंड. बायकोला हाका मारीत तो मागील दाराने बाहेर पडून घरास वळसा घालतो. यंत्र आतून त्याच्या रोखाने वळते आणि पुन्हा पहिल्या जागी येते, तो चुलीत जाळ आहे आणि पत्नी शेजारी बसली आहे. मध्ये कोठेही जोड नाही. ती जिवंत नाही हे आपल्याला ठाऊक असते. तथापि मृत आणि जीवित एकाच उजेडात, एकाच दृष्टिक्षेपात आल्यामुळे आपण क्षणभर कुंभाराइतकेच फसतो, आणि म्हणूनच त्याच्या दुःखाचे वाटेकरी होतो.

पुढे यासुजिरो ओझूबरोबर 'तरंगते शेवाळ' (१९५९) करताना ह्याच छायालेखकाने आपले यंत्र जमिनीलगत ठेवून स्थिर केले. तेथे रस्त्याच्या दोन बाजूंच्या वळचणींखाली उभे राहून दोघे भांडतात, आणि मधून पावसाची धार वाहते. हालचालीची गरजच उरत नाही. कोन इचिकावाच्या 'धाकटा भाऊ' (१९६०) ह्या रंगीत चित्रपटात तर त्याने फिल्म धुताना चांदी काढून टाकण्याची पायरीच वगळली. चांदी राहिल्यामुळे रंग मंदावले, काळे अधिक गडद झाले, आणि कथेचा तैशो काळ जुन्या स्मृतीसारखा दिसू लागला. रंगांतही त्याने शाईच शोधली असे म्हणावयास हरकत नाही. ही रीत पुढे पाश्चात्य चित्रपटांतही रूढ झाली.

येथे एक आक्षेप संभवतो. कुरोसावाचा 'सेव्हन सामुराई' (१९५४) असाकाझु नाकाईने चित्रित केला, आणि ओझूच्या बहुतेक उत्तम कृती युहारु आत्सुताच्या आहेत; मग मियागावाला एवढे श्रेय का? आक्षेप रास्त आहे, आणि दिग्दर्शकाचे श्रेय हिरावून घ्यावे असे माझे म्हणणे नाही. परंतु कुरोसावाचा आवेग, मिझोगुचीची संथ करुणा आणि ओझूची निश्चलता ह्या तीन भिन्न प्रकृती एकाच्याच हाताने अशा उमटवाव्यात की तिन्ही अस्सल वाटाव्यात, हे केवळ आज्ञापालनाने साधत नाही. दुसऱ्याचा अर्थ स्वतःचा झाल्याखेरीज त्याला प्रकाश देता येत नाही. मियागावा १९९९ साली निवर्तला. त्याची स्वतंत्र अशी शैली कोणती, असे विचारल्यास बोट दाखविता येत नाही. कागदावरील कोरी जागा चित्राचा किती भाग, हे जसे मोजता येत नाही, तसेच हे आहे. पण ती जागा काढून घेतली तर चित्र उरत नाही.