विम्यात घेतलं, पण खर्च दिला नाही: मोटारसायकलवाले आणि १९९६ चा अमेरिकी कायदा

कायद्याचा इतिहास लिहायला बसलं की पहिला मोह होतो तो मंजुरीच्या तारखेपाशी थांबायचा. तारीख मिळाली, सही कोणाची ते मिळालं, झालं काम! आज असं एक उदाहरण बघूया जिथे खरी गोष्ट त्या तारखेच्या तीन आठवडे आधी आणि चार वर्षांनंतर घडते. तुमच्यापैकी कोणी आपली बाईक ट्रॅकवर न्यायच्या तयारीत असेल, तर त्याने हे जरा जास्तच लक्ष देऊन वाचावं.

२१ ऑगस्ट १९९६ ला अध्यक्ष क्लिंटन यांनी 'हिपा' कायद्यावर सही केली. आज हा कायदा रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेसाठी ओळखला जातो, पण मुळात तो विम्याचा कायदा. अमेरिकेत बहुतेक नोकरदारांचा आरोग्य विमा कंपनीच्या सामूहिक योजनेतून येतो. त्या योजनेत कोणाला घ्यायचं हे ठरवताना त्याची प्रकृती, जुने आजार, आधीचे क्लेम, अपंगत्व अशा आठ गोष्टींवरून भेदभाव करायचा नाही, असं या कायद्याने सांगितलं. त्यातली एक गोष्ट म्हणजे 'विमापात्रतेचा पुरावा'. शब्द कोरडा आहे, पण सगळी भानगड तिथेच आहे.

या शब्दात काय येतं? कायद्यात मोटारसायकल हा शब्दच नाही. तो सापडतो ३१ जुलै १९९६ च्या अहवालात. दोन्ही सभागृहांची विधेयकं वेगळी असली की एक संयुक्त समिती बसते, मसुदा एक करते आणि सोबत स्पष्टीकरण जोडते. त्या स्पष्टीकरणात लिहिलंय की मोटारसायकल, स्नोमोबाइल, घोडेस्वारी, स्कीइंग असल्या गोष्टी करतो म्हणून कोणाला विम्याबाहेर ठेवलं जाऊ नये, हाही हे शब्द घालण्यामागचा हेतू आहे. हे मुद्दाम लिहावंसं वाटलं, म्हणजे असं बाहेर ठेवणं समितीच्या डोळ्यासमोर होतं. असं वाक्य दिसलं की तिथे खूण करून ठेवा.

आता पुढचा कागद. कायदा राबवायचा तर नियम लागतात, आणि ते करतात सरकारी खाती. इथे कोषागार, कामगार आणि आरोग्य अशी तीन खाती होती. ८ जानेवारी २००१ ला त्यांचे नियम आले. त्यात दोन उदाहरणं आहेत. पहिल्यात एक योजना मोटारसायकल चालवणाऱ्यांना घेतच नाही. नियम म्हणतात, हे चालणार नाही. दुसऱ्यात योजना सगळ्यांना घेते, पण बंजी जंपिंग करताना झालेल्या इजेचा खर्च देत नाही. नियम म्हणतात, हे चालेल. अट एवढीच की ती इजा एखाद्या आजारातून किंवा घरगुती हिंसेतून झालेली नसावी. म्हणजे तुम्हाला विमा मिळणार, हप्ता कापला जाणार, आणि ज्या कारणासाठी तो हवा होता नेमकं तेच वगळलेलं असू शकणार.

यावर खात्यांची लबाडी असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. त्याच कायद्यात पुढे असंही आहे की अमुक एक लाभ दिलाच पाहिजे अशी सक्ती योजनेवर नाही. खात्यांनी ते कलम धरलं, मोटारसायकलवाल्यांनी समितीचा अहवाल धरला. मजकूर मोठा की हेतू मोठा, हा जुनाच वाद. मेनच्या सुसान कॉलिन्स आणि विस्कॉन्सिनचे रस फाइनगोल्ड या दोन पक्षांच्या सिनेटरांनी ही फट बुजवायला विधेयकं मांडली. (हार्ली-डेव्हिडसनचं मिलवॉकी विस्कॉन्सिनमध्येच आहे, हे लक्षात असू द्या.) विधेयकं पुढे सरकली नाहीत आणि डिसेंबर २००६ च्या अंतिम नियमांत ती मुभा कायम राहिली.

आता आपल्याकडे या. सप्टेंबर २०१९ मध्ये आयआरडीएआयने आरोग्य विम्यातल्या वगळणुकींची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. आपल्या कामाचं कलम आहे नववं, धोकादायक किंवा साहसी खेळांचं. यादीत मोटार रेसिंग आहे, पण वगळणूक लागू होते ती 'व्यावसायिक' म्हणून भाग घेणाऱ्याला. स्वतः पैसे भरून कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेवर दिवसभर चकरा मारणारी पुण्याची मुलगी व्यावसायिक आहे का? माझ्या वाचनाप्रमाणे नाही. पण तिने शर्यतीत नाव घातलं आणि बक्षिसाची रक्कम घेतली तर? तिथे कंपनीला वाद घालायला जागा मिळते. आणि हे झालं फक्त दवाखान्याच्या बिलाचं. गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी या दोन्ही वापरांना संरक्षण नसतं. अपघात विम्याच्या अटी आणखी वेगळ्या असतात.

म्हणून ट्रॅकची तयारी म्हणजे लेदर सूट, पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट, दिव्यांवर टेप आणि रेडिएटरमधलं निसरडं कूलंट काढून साधं पाणी, एवढंच धरू नका. तिन्ही पॉलिसींच्या वगळणुकींची पानं काढा. मग आयोजकाचा फॉर्म जोडून विमा कंपनीला ईमेल करा: मी हौशी आहे, अमुक तारखेला अमुक ट्रॅकवर जाणार आहे, इजा झाली तर खर्च मिळेल का? फोनवरचं "हो सर, कव्हर आहे" धरून चालू नका. लेखी उत्तर येईपर्यंत कूलंट आहे तिथेच राहू द्या.