अमृतसरचे तंबू

बचत गटाची बैठक आटोपून कुणी ऐकत असाल, कुणी भाकऱ्या थापता थापता. आज मी एका उपचाराचा इतिहास सांगणार आहे. त्याला कुटुंबोपचार म्हणतात. घरातलं एक माणूस मनानं आजारी पडलं, व्यसनात गेलं, पोर शाळेला जाईना झालं, तर त्या एकट्यालाच डॉक्टरपुढे न बसवता घरच्यांनाही बरोबर बसवायचं आणि सगळ्यांचं मिळून बोलणं घडवायचं. ऐकायला साधं वाटतं. पण हे सुचायला डॉक्टरांना फार दिवस लागले, आणि मधल्या काळात बायकांच्या माथी बरंच काही आलं.

पूर्वी मनोरुग्णालय म्हणजे उंच भिंत. आपल्याकडची येरवड्याची, ठाण्याची, नागपूरची रुग्णालयं इंग्रजांच्या काळातली. माणूस आत पोचवला, दार लागलं, की घरच्यांचं काम संपलं. आत काय चाललंय ते घराला कळायचं नाही, आणि तो घरी कसा राहत होता ते डॉक्टरला कळायचं नाही.

ही भिंत आपल्या देशात पहिल्यांदा ओलांडली गेली ती अमृतसरला. फाळणी झाली तेव्हा जमिनी वाटल्या, माणसं वाटली, आणि पुढे मनोरुग्णसुद्धा वाटले गेले. 1950 मध्ये लाहोरच्या रुग्णालयातले शेकडो हिंदू आणि शीख रुग्ण सरहद्द ओलांडून अमृतसरला आणले. मंटोंची ‘टोबा टेकसिंग’ ही गोष्ट याच वाटणीवरची. अमृतसरच्या रुग्णालयाचे प्रमुख होते डॉक्टर विद्यासागर. रुग्ण उदंड, हाताखाली माणसं थोडी. त्यांनी नातेवाइकांना सांगितलं, रुग्णाला सोडून जाऊ नका, तुम्हीही इथंच राहा. आणि रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले.

हे तंबू मला फार मोलाचे वाटतात. कुठल्या परदेशी पुस्तकातून ते आले नव्हते, नड होती म्हणून आले. पण त्यातून झालं काय? आपला माणूस औषधानं हळूहळू निवळतोय हे घरच्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. ही करणी नाही, बाहेरचं नाही, आजार आहे, आणि तो आटोक्यात येतो, हे कुणी पटवून द्यावं लागलं नाही. डॉक्टर त्यांच्याशी बसून बोलत. चिडला तर काय करायचं, जेवेना तर काय करायचं, हे ती माणसं तिथंच शिकली. रुग्णही घाबरेना, कारण ओळखीचा चेहरा समोर होता. बरा झाला की नेणारं माणूस हजरच असायचं.

तिकडे तमिळनाडूत वेल्लोरला 1957 मध्ये ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचं मानसिक आरोग्य केंद्र निघालं. तिथं तर नियमच झाला, घरचं कुणीतरी रुग्णासोबत राहिलंच पाहिजे. पुढे बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनं कुटुंबांसाठी वेगळा विभाग काढला. तिथं आज हे काम शिकवलंही जातं.

आता अमेरिकेत त्याच सुमारास काय चाललं होतं ते ऐका. तिथले डॉक्टरही घराकडे पाहायला लागले होते, पण पाहत होते गुन्हेगार शोधायला. आणि गुन्हेगार सापडला कोण? आई. 1948 मध्ये तिथल्या एका नामवंत डॉक्टरबाईंनी लिहिलं की स्किझोफ्रेनिया, म्हणजे भ्रम आणि भास होतात तो आजार, होण्यामागे आईचं वागणं असतं. अशा आईला इंग्रजीत एक लांबलचक नावही दिलं गेलं. नंतर कितीतरी वर्षं मुलाला घेऊन आलेल्या आया मान खाली घालून परत गेल्या. आपल्याकडे नव्या सुनेला पांढऱ्या पायाची म्हणतात ना, ते हेच. फक्त तिकडे ते पदवीवाल्यांनी म्हटलं. ही गोष्ट पुढे खोटी ठरली. आईमुळे हा आजार होतो याला पुरावा कधीच मिळाला नाही.

मग घराचा संबंध आहे तरी काय? लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सोबत्यांनी रुग्णालयातून घरी गेलेल्या माणसांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. 1972 मध्ये त्यांनी छापलं की ज्या घरात सतत टोचून बोलणं, राग, नाही तर अति काळजीचा ताण होता, तिथं शंभरातले 58 जण नऊ महिन्यांत पुन्हा आजारी पडले. शांत घरांमध्ये 16. दोन्हीकडे आजार तोच. म्हणजे घरामुळे आजार झाला असं नाही, पण घराच्या वागण्यानं तो उलटतो किंवा दबून राहतो. पुढे चंदीगडला हाच अभ्यास झाला, तेव्हा तिथल्या घरांत लंडनपेक्षा टोचून बोलणं पुष्कळ कमी आढळलं.

इथून प्रश्नच बदलला. ‘चूक कुणाची’ हा गावबैठकीतला प्रश्न. तिथं निवाडा होतो, एक जिंकतो, एक हरतो, आणि हरलेल्याला त्याच घरात झोपायचं असतं. कुटुंबोपचारात विचारतात, ‘हे घडतं तेव्हा आधी काय होतं, नंतर काय होतं?’ इटलीत मिलान शहरात मारा सेल्विनी पालाझोली या डॉक्टरबाई आणि त्यांच्या सोबत्यांनी प्रश्न विचारायची एक खास तऱ्हा काढली. दोघांच्या भांडणाबद्दल तिसऱ्याला विचारायचं. समजा, बाप पिऊन येतो. तर बापाला नाही, धाकट्या पोरीला विचारायचं, ‘बाबा ओरडले की आजी काय करते?’ पोरगी सांगते, आजी आईवर ओरडते. ‘मग आई?’ आई दादाला मारते. ‘मग दादा?’ दादा शाळेला जात नाही. पोरगी बोलत असते आणि मोठी माणसं पहिल्यांदाच आपली साखळी बघत असतात. आता ती कुठंही एका ठिकाणी तोडली तरी फरक पडतो. सासूबाईंनी त्या वेळी सुनेकडे न वळता नुसतं गप्प बसायचं ठरवलं, तरी दादापर्यंत पोचतं.

आणखी एक गोष्ट, खास गटातल्या बायकांसाठी. अमेरिकेत फिलाडेल्फियाला साल्वादोर मिनुचिन नावाचे डॉक्टर गरीब वस्त्यांतल्या कुटुंबांबरोबर काम करायचे. त्यांनी नि त्यांच्या सोबत्यांनी वस्तीतल्याच माणसांना, ज्यांच्याकडे या विषयाची पदवी नव्हती अशांना, हे काम शिकवलं. आणि ती माणसं ते करू लागली.

एक मात्र बजावून सांगते. घरात मारहाण असेल, जिवाची भीती असेल, तर मारणाऱ्यासमोर बसून मन मोकळं करायला कुणीही भरीस पाडलं तरी बसू नका. तिथं उघड बोललेल्याची शिक्षा रात्री मिळते. आधी जीव. त्यासाठी 2005 चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे, 181 हा महिलांसाठीचा नंबर आहे. समुपदेशन नंतर, आणि तेही आधी तुमच्याशी एकटीशी.

बाकी घरांसाठी जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात विचारा. किंवा 14416 या नंबरवर फोन करा. ही सरकारची टेलिमानस सेवा, 2022 मध्ये सुरू झालेली, फुकट, रात्री-अपरात्रीही, मराठीत बोलता येतं. सगळं घर यायला तयार नसेल तरी अडत नाही. नवरा म्हणेल, ‘मला काही झालेलं नाही.’ म्हणू द्या. सासू-सून दोघीच गेल्या, किंवा एकटी सूनच गेली, तरी काम सुरू होतं.