नॅलॉक्सोनची किंमत आणि अमेरिकेतील नगरसंस्था

अफूवर्गीय द्रव्यांच्या अतिमात्रेने मंदावलेला श्वास पूर्ववत् करणारे नॅलॉक्सोन हे औषध नवे नाही. त्याच्या पेटंटसाठी १९६१ मध्ये अर्ज झाला व १९७१ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. पेटंटची मुदत केव्हाच संपली होती. असे असता २०१४-१५ च्या सुमारास ते विकत घेणे लहान नगरांना जड का जावे, याचे उत्तर औषधशास्त्रात नसून बाजाराच्या इतिहासात आहे.

प्रारंभी हे औषध मुख्यतः रुग्णालये व रुग्णवाहिका यांपुरतेच होते. १९९६ पासून शिकागोतील कार्यकर्त्यांनी ते व्यसनाधीनांच्या हाती दिले. २०१० मध्ये मॅसॅच्युसेट्समधील क्विन्सीच्या पोलिसांनी ते जवळ बाळगण्यास आरंभ केला. (नार्कन हे त्याचे मूळचे व्यापारनाम, आता अग्निशामकांच्या बोलीत ते क्रियापदही झाले आहे.) पोलिसांना सुई नको होती, म्हणून त्यांनी नाकात फवारण्याची पद्धत स्वीकारली; परंतु तीसाठी लागणारी, औषध भरलेली सिरिंज अ‍ॅम्फास्टार ही एकच कंपनी पुरवीत असे. मागणी वाढली, प्रतिस्पर्धी नव्हता, किंमत चढली.

मोजक्या मात्रा घेणाऱ्या नगराला घासाघीस करण्याचे बळ कोठून असणार? ते बळ राज्यांनी वापरले. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्याने सार्वजनिक संस्थांसाठी दर सिरिंजमागे ६ डॉलरची सूट मिळविली. मॅसॅच्युसेट्सने त्याच कंपनीकडून ३,२५,००० डॉलर घेतले. शिवाय घाऊक खरेदीचा निधी उभारून नगरांना त्या दराने औषध मिळण्याची सोय केली. दोहोंपैकी दुसरा उपाय अधिक टिकाऊ म्हटला पाहिजे, कारण सूट कंपनीच्या संमतीवर अवलंबून असते. त्याच वर्षाअखेर मान्यता पावलेला नाकातील तयार फवारा सार्वजनिक संस्थांना दोन मात्रांस ७५ डॉलर या दराने देऊ करण्यात आला. उलट एव्हझिओ या स्वयंचलित इंजेक्शनाच्या जोडीची किंमत २०१४ मधील ६९० डॉलरवरून २०१७ पर्यंत ४,००० डॉलरच्या पुढे गेली.

या खर्चाचे सावट नगरसभांवरही पडले. २०१७ मध्ये ओहायोतील मिडलटाऊन येथे एका नगरसेवकाने, दोनदा वाचविलेल्या व्यक्तीसाठी तिसऱ्यांदा रुग्णवाहिका पाठवू नये, अशी सूचना मांडली. ती अमलात आली नाही. पण एका मात्रेचा हिशेब माणसाच्या जिवाच्या हिशेबात कसा मिसळतो, हे तीवरून उघड होते.

२०२३ मध्ये हा फवारा चिठ्ठीविना विकण्यास मान्यता मिळाली. तत्पूर्वी, २०२२ मध्ये, तीन घाऊक औषध-वितरक आणि जॉन्सन अँड जॉन्सन यांनी सुमारे २६ अब्ज डॉलरपर्यंतच्या तडजोडीस अंतिम रूप दिले. तीत राज्ये व नगरे यांनी प्राधान्याने करावयाच्या खर्चांची यादी आहे; तिच्यातील पहिली बाब नॅलॉक्सोनची आहे.