आधीचे सर आणि आत्ताचे सर

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

शाळा असो, ग्रामपंचायत असो की पतसंस्था, खुर्चीवरचा माणूस बदलला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आधीचे सर होते तेव्हा असं नव्हतं." कधी ते खरं असतं, कधी आठवणीनं गोड झालेलं असतं. खेळाच्या संघांना हे वाक्य जरा जास्तच चिकटतं, कारण तिथं निकाल लगेच लागतो आणि दुसऱ्या दिवशी छापूनही येतो. एकाच संघाला लाभलेल्या दोन प्रशिक्षकांची तुलना करायची तर ती कशावर करायची? करंडक किती आले, एवढ्यावरच? हा प्रश्न मी आज आपल्याच राज्यातल्या दोन क्रिकेट संघांच्या इतिहासातून मांडणार आहे. एक मुंबई आणि दुसरा विदर्भ.

मी फुलंब्रीचा. छत्रपती संभाजीनगरहून सिल्लोडकडे, अजिंठ्याच्या वाटेवर लागणारं हे तालुक्याचं गाव. रणजी क्रिकेटच्या हिशेबात मराठवाडा मुंबईत नाही आणि विदर्भातही नाही. तो महाराष्ट्राच्या संघात मोडतो, आणि त्या संघानं रणजी करंडक शेवटचा जिंकला तो १९४०-४१ साली, प्रा. दि. ब. देवधर कर्णधार असताना. त्यामुळे मुंबई आणि विदर्भ यांच्यामध्ये मला पंच म्हणून उभं करायला कुणाची हरकत नसावी.

आज प्रशिक्षकाशिवाय संघाची कल्पनाच करता येत नाही. पण हे पद फार जुनं नाही. मुंबईनं १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षं रणजी करंडक जिंकला, तेव्हा आजच्या अर्थानं मुख्य प्रशिक्षक हा माणूसच नव्हता. कर्णधार, संघातली दोन-चार जाणती मंडळी आणि मैदानावरचे क्लब, हीच शाळा. कांगा लीगच्या पावसाळी खेळपट्टीवर चेंडू कसा खेळायचा हे नवा मुलगा वडीलधाऱ्या खेळाडूंकडूनच शिकायचा. १९८३ साली भारतानं विश्वचषक जिंकला, तेव्हाही संघाबरोबर मानसिंग हे व्यवस्थापक होते, प्रशिक्षक कुणीच नव्हता. १९९२ मध्ये अजित वाडेकर भारतीय संघाचे व्यवस्थापक झाले आणि खेळातलंही त्यांच्याकडे आलं, तेव्हापासून या पदाला वजन येत गेलं. २००० साली न्यूझीलंडचे जॉन राइट आले आणि 'कोच' हा शब्द खेड्यातल्या चहाच्या टपरीवरही रुळला. पद आलं तसं कौतुक आलं, आणि कौतुकाबरोबर खापरही आलं.

मुंबईच्या प्रशिक्षकांत सगळ्यात जास्त चर्चा झाली ती चंद्रकांत पंडित यांची. यष्टिरक्षक, भारताकडून पाच कसोटी खेळलेले, रमाकांत आचरेकर सरांच्या हाताखाली घडलेले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईनं २००२-०३ आणि २००३-०४ असे लागोपाठ दोन करंडक जिंकले. पुढच्या काळात ही जबाबदारी आचरेकर सरांचेच दुसरे शिष्य प्रवीण अमरे यांच्याकडे आली आणि त्यांच्या काळात मुंबईनं २००६-०७, २००८-०९ आणि २००९-१० असे तीन करंडक मिळवले. गुरू एक, संघ एक. नुसती बेरीज केली तर इथंच एकाला दोन आणि दुसऱ्याला तीन गुण देऊन आपण मोकळे होऊ.

पण २००६-०७ चा हंगाम पाहा. मुंबई पहिले तिन्ही सामने हरली होती. कर्णधार होता अमोल मुजुमदार. तिथून संघ सावरला, उपांत्य फेरीत पोहोचला आणि बडोद्याविरुद्ध दुसऱ्या डावात फलकावर एकही धाव नसताना पाच गडी बाद झाले. शून्यावर पाच! तरीही मुंबई तो सामना जिंकली आणि अंतिम फेरीत बंगालला हरवून करंडकही घेऊन गेली. हा करंडक इतर करंडकांइतकाच मोजायचा का? तीन पराभवांनंतर कर्णधार आणि प्रशिक्षक यांनी संघ एकत्र ठेवला, ही गोष्ट कोणत्या रकान्यात लिहायची? यादीत तिच्यासाठी जागाच नसते.

पंडित पुन्हा मुंबईकडे आले आणि २०१५-१६ मध्ये मुंबईनं आणखी एक करंडक जिंकला. पुढच्या हंगामात संघ परत अंतिम फेरीत गेला, पण जानेवारी २०१७ मध्ये इंदूरला गुजरातकडून हरला. दोन वर्षांत एक विजेतेपद आणि एक उपविजेतेपद. दुसऱ्या कुठल्या संघानं प्रशिक्षकाची मिरवणूक काढली असती. मुंबईनं प्रशिक्षक बदलला. समीर दिघे आले, मग विनायक सामंत, मग रमेश पोवार, मग अमोल मुजुमदार, मग ओंकार साळवी. २०१७ ते २०२३ या काळात निदान पाच माणसं. त्यातल्या पोवारांच्या वेळी मुंबईनं २०२१ मध्ये विजय हजारे करंडक जिंकला, हेही सांगितलं पाहिजे. पण रणजी करंडकासाठी मुंबईला २०२४ उजाडावं लागलं.

पंडित मात्र विदर्भाकडे गेले. विदर्भानं साठ वर्षं या करंडकाची वाट पाहिली होती. १ जानेवारी २०१८ रोजी, इंदूरच्या त्याच होळकर मैदानावर, विदर्भानं दिल्लीला नऊ गडी राखून हरवलं आणि पहिल्यांदा रणजी करंडक नागपूरला आला. रजनीश गुरबानीनं अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेतली, अक्षय वाडकर या नवख्या यष्टिरक्षकानं शतक ठोकलं. पुढच्या वर्षी सौराष्ट्राला हरवून विदर्भानं करंडक राखला. त्या वेळी वर्तमानपत्रांतून सूर एकच होता. पंडितांनी जादू केली.

जादू म्हटलं की मला थांबावंसं वाटतं. पंडितांची शिस्त कडक, वेळेचा हिशेब कडक, आणि संघाला 'आपण जिंकू शकतो' हे त्यांनी पटवून दिलं, यात शंका नाही. पण त्यांच्या हाती काय आलं होतं तेही पाहा. विदर्भ क्रिकेट असोसिएशननं आधीची कैक वर्षं अकादमी आणि वयोगटातल्या मुलांवर मेहनत घेतली होती. वसीम जाफरसारखा अनुभवी फलंदाज पंडितांच्या आधीच विदर्भाकडून खेळू लागला होता. २०१८-१९ मध्ये वयाच्या चाळिशीत जाफरनं एका हंगामात हजारावर धावा काढल्या. फैज फजल हा कर्णधार नागपूरचाच होता. आमच्याकडे मका जोमात आला की लोक सुगीच्या वेळचं शिवार बघायला येतात. नांगरटीच्या वेळी कुणी येत नाही. पंडितांनी पाणी वेळेवर दिलं, तण काढलं, पण रान आधीच तयार झालेलं होतं. यानं पंडितांचं श्रेय कमी होत नाही. ते नेमकं होतं.

पंडित २०२० मध्ये मध्य प्रदेशकडे गेले. तिथं २०२२ साली बेंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर त्यांच्या संघानं अंतिम सामना जिंकला, आणि तोही मुंबईला हरवून. याच मैदानावर १९९८-९९ मध्ये मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून पंडित अंतिम सामना हरले होते, पहिल्या डावाची आघाडी हाती असताना. तेवीस वर्षांनी तो हिशेब पूर्ण झाला. तीन संघ, सहा करंडक. एकाच संघातल्या यशाबद्दल 'संघच चांगला होता' असं म्हणता येतं. तिसऱ्याही ठिकाणी तेच घडलं की माणसाची स्वतःची कमाई मान्य करावीच लागते.

आता विदर्भात त्यांच्या मागे आलेल्या माणसाकडे वळू. पुढे विदर्भाचेच माजी खेळाडू उस्मान घनी यांच्याकडे संघ आला. मार्च २०२४ मध्ये विदर्भ अंतिम फेरीत पोहोचला आणि वानखेडेवर मुंबईकडून १६९ धावांनी हरला. मुंबईचा हा बेचाळिसावा करंडक. विदर्भात 'पंडित असते तर' हे वाक्य तेव्हा कुणाच्याच तोंडी आलं नसेल, असं मला वाटत नाही. पण घनी यांच्याकडेच संघ राहिला. पुढच्या हंगामात उपांत्य फेरीत विदर्भानं मुंबईला ८० धावांनी हरवलं आणि २ मार्च २०२५ रोजी नागपुरात केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर तिसरा करंडक जिंकला. कर्णधार होता अक्षय वाडकर. हाच तो २०१८ च्या अंतिम सामन्यातला शतकवीर, पंडितांच्या हाताखाली मोठा झालेला. त्याच हंगामात हर्ष दुबेनं ६९ बळी घेऊन रणजीच्या एका हंगामातला विक्रम केला आणि यश राठोडनं धावांचा डोंगर रचला. ही मुलं विदर्भातच वाढलेली.

मग हा करंडक कुणाचा? घनी यांचा तर आहेच. वाडकर घडला त्या वर्षांमुळे थोडा पंडितांचाही आहे. आणि ज्यांची नावं कधीच छापून येत नाहीत, त्या वयोगटांच्या प्रशिक्षकांचाही आहे.

अशा तुलनेचं सगळ्यात मोठं वेड कुठं असेल तर ते अमेरिकेत. तिथं ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू हातात घेऊन धावायचा तो खेळ, आणि विद्यापीठांचे सामने पाहायला लाखभर माणसं जमतात. अलाबामा विद्यापीठात पॉल 'बेअर' ब्रायंट हे १९५८ ते १९८२ अशी पंचवीस वर्षं प्रशिक्षक होते. सहा राष्ट्रीय विजेतेपदं. २००७ ते २०२३ या काळात निक सेबन यांनी त्याच विद्यापीठाला आणखी सहा मिळवून दिली. मोठा कोण, यावर तिथली माणसं अजून वाद घालतात. मला मात्र या दोघांपेक्षा मधल्यांची गोष्ट अधिक सांगण्यासारखी वाटते. त्यातले बिल करी यांनी तीन वर्षांत २६ सामने जिंकले आणि फक्त १० गमावले. पण शेजारच्या ऑबर्न विद्यापीठाला ते एकदाही हरवू शकले नाहीत, आणि ते दुसरीकडे निघून गेले. मोठ्या माणसाच्या मागून येणाऱ्याला नुसतं चांगलं असून भागत नाही.

हे मला थोडंफार अनुभवानं ठाऊक आहे. मी क्रीडाशिक्षक म्हणून रुजू झालो तेव्हा आधीच्या सरांनी पाचवीपासून घडवलेली मुलं दहावीत होती. माझ्या पहिल्याच वर्षी खो-खोचा संघ जिल्ह्याच्या स्पर्धेत गेला. सत्कार माझा झाला, नारळ-शाल मला मिळाली. ती मुलं शाळा सोडून गेली आणि पुढची दोन वर्षं आम्ही तालुक्यातच हरलो. तेव्हा पारावर सुरू झालं, "आधीच्या सरांची बातच निराळी." त्या दोन वर्षांत मी पाचवी-सहावीची पोरं घेऊन रोज सकाळी मैदानावर होतो, हे पारावरून दिसत नव्हतं. माझी तक्रार नाही. लोक निकाल मोजतात, कारण तेवढाच त्यांना दिसतो. सत्काराच्या दिवशी मी आधीच्या सरांचं नाव घेतलं, एवढं मात्र मला आजही बरं वाटतं.

अमोल मुजुमदारांचंच पाहा. १९८८ साली शालेय सामन्यात तेंडुलकर आणि कांबळी यांनी ६६४ धावांची भागी केली, तेव्हा पॅड बांधून पुढच्या क्रमांकासाठी बसून राहिलेला मुलगा हाच. प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा करूनही भारताकडून एकही सामना त्यांच्या वाट्याला आला नाही. मुंबईचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी संघाला २०२२ मध्ये रणजीच्या अंतिम फेरीत नेलं, त्याच वर्षी सय्यद मुश्ताक अली करंडक जिंकून दिला. रणजी करंडक मात्र त्यांच्या जाण्यानंतर, साळवींच्या वेळी आला. करंडकांच्या यादीत मुंबईचे रणजी प्रशिक्षक मुजुमदार यांच्या नावापुढे शून्य आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये ते भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक झाले. २०२५ च्या विश्वचषकात भारत साखळीत लागोपाठ तीन सामने हरला. वर्तमानपत्रं कडाडली. २००६-०७ मध्ये तीन पराभवांनंतर संघ सावरलेला कर्णधार आता खेळाडूंच्या मागे उभा होता. उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा पार झाल्या आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत हरमनप्रीत कौरच्या संघानं दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक उचलला. तीन पराभवांनंतरच त्यांना काढून टाकलं असतं, तर तेही त्या यादीच्या न्यायाला धरूनच झालं असतं.

म्हणून मी दोन प्रशिक्षकांची तुलना करताना तीन प्रश्न विचारतो. हाती काय मिळालं? त्याचं काय केलं? आणि जाताना मागे काय ठेवलं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर करंडकात सापडतं. पहिल्याचं उत्तर आधीच्या माणसाकडे असतं, तिसऱ्याचं नंतरच्या माणसाकडे. त्यामुळे एका प्रशिक्षकाचा पूर्ण हिशेब तो खुर्चीत असताना कधीच मांडता येत नाही. संघ हरला की खुशाल जाब विचारा, तो आपला हक्कच आहे. फक्त विचारताना एकदा मैदानाच्या कडेला नजर टाका. तिथं पाचवी-सहावीची मुलं सराव करताना दिसली, तर आत्ताच्या सरांना अजून दोन वर्षं द्यायला हरकत नाही.