फणसोंबा, दमा आणि 'गुण येणे'

औषधाविषयी बोलताना मराठीत दोन वाक्प्रयोग सर्रास होतात. 'या पाल्यात गुण आहे' हा एक आणि 'मला या पाल्याने गुण आला' हा दुसरा. पहिल्यात गुण वस्तूच्या ठायी आहे, दुसऱ्यात तो रोग्याच्या अनुभवात आहे. रोजच्या बोलण्यात आपण दुसऱ्यावरून पहिले सहज सिद्ध झाल्याचे मानतो. गेल्या दीडशे वर्षांतला देशी औषधांच्या परीक्षेचा इतिहास म्हणजे या दोन वाक्यांमधले अंतर मोजण्याचा इतिहास होय, असे आम्हांस वाटते. कोकणातल्या एका अळंबीच्या निमित्ताने त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

फणसाच्या जुन्या खोडावर लाकडासारखी कठीण, तपकिरी, वर्षानुवर्षे वाढणारी अळंबी येते. लोक तिला फणसोंबा म्हणतात. फणस आणि आळंबे या दोन शब्दांचा हा संकोच दिसतो. ती उगाळून तोंड आलेल्या मुलांच्या तोंडाला लावण्याची, फार लाळ सुटत असल्यास हिरड्यांवर तिचा लेप देण्याची आणि अतिसारात पोटात देण्याची रीत आहे. विल्यम डायमॉक, वॉर्डन आणि हूपर यांच्या 1890 ते 1893 या काळात तीन खंडांत निघालेल्या 'फार्माकोग्राफिया इंडिका' या ग्रंथात ही रीत मराठी नावासकट नोंदलेली आहे. त्याआधी, 1879 साली, डॉ. सखाराम अर्जुन यांनी मुंबईच्या औषधी द्रव्यांची यादी इंग्रजीत प्रसिद्ध केली होती. साहित्याच्या अभ्यासकांना हे नाव रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून परिचित असते. ते वनस्पतींचे जाणकार आणि 1883 साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक होते, हे मात्र आपल्या वर्गांत क्वचितच सांगितले जाते.

हे ग्रंथ म्हणजे मौखिक परंपरेचे लिखित रूपांतर होते, आणि प्रत्येक रूपांतरात काही हाती लागते तसे काही निसटतेही. नाव राहिले, रोग राहिला, देण्याची पद्धत थोडक्यात राहिली. कोणी दिले, किती जणांना दिले, कितींना उतार पडला नाही, हे राहिले नाही. ज्याला गुण आला तो सांगतो. ज्याला आला नाही तो दुसऱ्या वैद्याकडे जातो आणि परंपरेच्या स्मृतीतून गळतो. शिवाय नावाचाही एक पेच आहे. पुणे विद्यापीठातील कवकशास्त्रज्ञ जे. जी. वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 नंतरच्या काळात लोकवैद्यकातील अळंब्यांचा अभ्यास केला. त्या परंपरेतील संशोधनातून असे दिसले की, 'फणसोंबा' या एका नावाखाली फेलिनस या वर्गातल्या एकाहून अधिक जाती वापरात आहेत. लोकांचे नाव झाड पाहून पडले होते, शास्त्राचे नाव अळंबीची सूक्ष्म रचना पाहून पडते. तेव्हा परीक्षेच्या आधीच प्रश्न उभा राहतो: परीक्षा कोणाची करावयाची?

आता दम्याकडे वळू. 'दमा' हा शब्द श्वास या अर्थाच्या फारसी 'दम'पासून आला. चरकसंहितेने श्वासाचे पाच प्रकार सांगितले, त्यांतला तमकश्वास दम्याच्या फार जवळचा आहे. आडवे पडल्यावर त्रास वाढणे, बसल्यावर बरे वाटणे, ढगाळ हवा, थंडी आणि पूर्वेचा वारा यांनी उचल खाणे, ही लक्षणे तेथे बारकाईने आली आहेत. त्यात एक मर्म दडलेले आहे. हा रोग हवेबरोबर चढतो-उतरतो. रोगी औषधाला हात घालतो तो त्रास शिगेला पोहोचल्यावर, आणि शिगेला पोहोचलेला त्रास पुष्कळदा आपोआपही ओसरतो. म्हणून 'गुण येणे' ही साक्ष ज्या रोगांत सर्वांत फसवी, त्यांत दमा अग्रभागी आहे.

याचे बोलके उदाहरण आपल्याकडेच घडले. पितमारी नावाची वेल आहे. शास्त्रीय नाव टायलोफोरा इंडिका. तिची पाने दम्यावर चघळण्याची प्रथा होती. दिल्लीचे डॉ. शिवपुरी यांनी 1960 च्या दशकाअखेरीस तिची परीक्षा घेतली. काही रोग्यांना खरे औषध, काहींना दिखाऊ, आणि कोणाला काय मिळाले हे ना रोग्याला ठाऊक ना तपासणाऱ्याला, अशी ती पद्धत. खऱ्या पानाच्या बाजूने स्पष्ट फरक दिसला. 1972 च्या अभ्यासातही दिसला. पुढे 1979 साली दुसऱ्या संशोधकांनी चूर्ण देऊन पाहिले, तेव्हा दिखाऊ औषधाहून अधिक फरक आढळला नाही. पानाने तोंड हुळहुळते, चव जाते, मळमळते. त्यामुळे आपल्याला खरे पान मिळाले हे रोग्याला कळून चुकण्याचा संभव असतो. एका परीक्षेचा कौल म्हणजे अखेरचा निकाल नव्हे, हे यातून शिकावयाचे.

अळंबीपुरते पाहिले तर दम्यावरची सर्वांत गंभीर परीक्षा चीनमध्ये झाली आणि तिचा वृत्तान्त 2005 साली प्रसिद्ध झाला. चिनी वैद्यकात लिंगझी या अळंबीला, म्हणजे गॅनोडर्माला, मोठा मान आहे. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय येथील शिऊ-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चौदा द्रव्यांच्या एका योगातून निवड करीत तीन द्रव्ये ठेवली: लिंगझी, कु-शेन ही मुळी आणि ज्येष्ठमध. मध्यम ते तीव्र दम्याच्या 91 रोग्यांपैकी 45 जणांना हा योग आणि 46 जणांना प्रेडनिसोन हे स्टिरॉईड चार आठवडे दिले. दोन्ही गटांत फुप्फुसांची क्षमता सुधारली. स्टिरॉईडच्या गटात किंचित अधिक. मात्र शरीराचे स्वतःचे कॉर्टिसोल स्टिरॉईडने घटले, तसे या योगाने घटले नाही.

निष्कर्ष आशादायक खरा, पण वाचकाने त्याच्या कडा पाहाव्यात. केवळ दिखाऊ औषध घेणारा तिसरा गट तेथे नव्हता. अवधी चार आठवड्यांचा, तर दमा वर्षांचा. आणि द्रव्ये तीन असल्यामुळे यश आले तरी त्यात अळंबीचा वाटा किती, हे सांगता येत नाही. मग फणसोंब्याविषयी काय म्हणावे? तो गॅनोडर्मा नव्हे, आणि डायमॉक यांची नोंद तोंड आणि पोट यांविषयीची आहे, श्वासाविषयीची नाही. 'तीही अळंबी, हीही अळंबी' हा न्याय कवितेत उपमेपुरता चालेल. औषधात चालणार नाही.

हा विवेक आम्हांस चिंचणीच्या संदर्भात विशेष निकडीचा वाटतो. एका बाजूला फणस, चिकू आणि ताडांच्या वाड्या, वारली पाड्यांतले वनस्पतींचे ज्ञान. दुसऱ्या बाजूला 1969 पासूनचे अणुवीजकेंद्र आणि औषधे व रसायने तयार करणारी बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या मूल्यमापनात ही वसाहत देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत गणली गेली. अशा ठिकाणी श्वास हा अलंकारिक विषय राहत नाही. 'पंपाची सवय लागते' या समजुतीपायी श्वासावाटे घ्यायचे औषध सोडून उगाळलेल्या अळंबीवर विसंबणाऱ्या रोग्याचा जीव धोक्यात येऊ शकतो. फवाऱ्यातले स्टिरॉईड नियमित घेतल्याने दम्याचे झटके आणि मृत्यू कमी होतात, हे वारंवार पडताळलेले आहे.

पण याचा अर्थ पाड्यावरचे ज्ञान टाकाऊ, असा घेणे हीदेखील घाईच ठरेल. मुंबईचे डॉ. अशोक वैद्य यांनी पुरस्कारलेली उलट दिशेची औषधविद्या प्रयोगशाळेपासून रोग्याकडे न जाता रोग्याच्या अनुभवापासून प्रयोगशाळेकडे जाते. त्या मार्गाची पहिली पायरी नीट नोंद ही आहे: कोणत्या झाडावरची अळंबी, कोणत्या ऋतूत काढलेली, कोणी, कोणाला, किती दिली, आणि कोणाला गुण आला नाही. हे काम डॉक्टरांइतकेच भाषेच्या अभ्यासकांचेही आहे. लोकगीते गोळा करायला आपण विद्यार्थ्यांना पाड्यांवर पाठवतो. औषधांची नावे आणि त्यांच्यामागची कथने त्याच काळजीने लिहून घ्यावीत. परीक्षा पुढे शास्त्र करील. मात्र ज्याची नोंदच नाही त्याची परीक्षा होत नाही, आणि जुना फणस तुटला की त्यावरच्या अळंबीचे नावही बोलण्यातून जाते.