बीएमआय २४ म्हणजे ‘नॉर्मल’? आपल्यासाठी रेषा २३ वर

मोबाईलमधल्या ॲपवर उंची आणि वजन टाकलं की बीएमआयचा आकडा येतो. २५ च्या आत असेल तर अनेक ॲपमध्ये हिरवा रंग दिसतो आणि माणूस निर्धास्त होतो. भारतीय माणसाच्या बाबतीत मात्र हा हिरवा रंग फसवा ठरू शकतो.

हिशेब सोपा आहे. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. उंची ५ फूट ३ इंच, म्हणजे १६० सेंटिमीटर, म्हणजे १.६ मीटर. १.६ गुणिले १.६ झाले २.५६. वजन ६२ किलो असेल तर ६२ भागिले २.५६, बीएमआय आला २४.२.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण तक्त्यात १८.५ ते २४.९ हे योग्य वजन, २५ पासून जादा वजन आणि ३० पासून लठ्ठपणा. त्या तक्त्याप्रमाणे ही व्यक्ती ठणठणीत. पण २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी आपल्या लोकांसाठी वेगळ्या रेषा सुचवल्या: २२.९ पर्यंत योग्य, २३ ते २४.९ जादा वजन, २५ पासून लठ्ठपणा. म्हणजे तीच व्यक्ती आता ‘जादा वजना’च्या रकान्यात. या उंचीला वजन साधारण ५९ किलोच्या आत हवं, आणि ६४ ला लठ्ठपणा सुरू.

एवढा फरक कशासाठी? याचं सर्वात बोलकं उदाहरण पुण्याचं आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आकडा सारखा, चरबी दुपटीहून जास्त. दिसायला सडपातळ, पण पोटात चरबी साठलेली, अशी आपल्याकडची अनेकांची ठेवण असते. म्हणूनच ‘मी कुठे जाड आहे?’ म्हणणाऱ्याच्या रक्तातही साखर सापडते.

मुळात हे सूत्र रोग्यांसाठी बनलेलंच नाही. बेल्जियमचे गणितज्ञ केटले यांनी एकोणिसाव्या शतकात लोकसमूहाची सरासरी काढताना ते मांडलं. बीएमआय हे नाव १९७२ मध्ये अमेरिकेतले संशोधक अँसल कीज यांनी दिलं. त्यामुळे समूहाला ते चांगलं लागू पडतं, एकट्या माणसाला थोडं सांभाळूनच. तालमीतल्या पैलवानाचा बीएमआय २८ निघेल, पण ते वजन स्नायूंचं असतं. उलट वयस्कर माणसाचे स्नायू झिजलेले असतात, आकडा बरोबर दिसतो आणि चरबी लपून राहते. गरोदर बाईला हे गणित लावू नये. मुलांचे तक्ते तर वेगळेच आहेत.

आकड्यासोबत टेप

म्हणून वजनकाट्याच्या जोडीला शिंप्याकडची टेप हवी. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर आणि बायकांची ८० सेंटिमीटरपर्यंत ठीक, त्यापुढे धोका. इथे एक घोळ नेहमी होतो. पॅन्टचा नंबर ३४ आहे म्हणजे कंबर ३४ इंच, असं धरून चालतात. पण पोट सुटलेला माणूस पॅन्ट पोटाखाली बांधतो, तो नंबर इथे कामाचा नाही. शेवटची बरगडी आणि कुल्ल्याच्या हाडाची वरची कड, यांच्या मधोमध टेप धरायची, तीही सहज श्वास सोडल्यावर. पोट आत ओढून मापलं तर फसवणूक आपलीच.

आकडा २३ च्या वर किंवा कंबर मापाबाहेर निघाली तर घाबरून उपास सुरू करू नयेत. आधी रक्तातली साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावं. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांवर चेन्नईत झालेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आहार सुधारून आणि नियमित चालून तिथल्या लोकांचा मधुमेहाचा धोका तीन वर्षांत २८.५ टक्क्यांनी कमी झाला, आणि तोही वजनात फारसा फरक न पडता. काटा हलत नाही म्हणून महिन्याभरात चालणं सोडून देणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

दुसऱ्या टोकालाही दुर्लक्ष नको. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १८.७ टक्के महिलांचा बीएमआय १८.५ पेक्षा कमी निघाला. काही न करता वजन उतरू लागलं तर ‘बारीक झालो’ म्हणून खूश न होता डॉक्टर गाठावा.